मतलई वारे लांबले की: मार्च ते मे मधला धूर, उष्मा आणि आपली बागायत

सकाळी सातला वाळपईकडून घाटाचा डोंगर दिसेनासा झाला, तर समोर दिसते ते धुके की धूर, हे आधी ठरवा. काजूच्या पानावर हात फिरवून बघा. हात ओला झाला तर धुके, ते ऊन चढले की विरेल. पान कोरडे, बोटाला राखट लागते, सूर्य तांबूस दिसतो आणि जळक्या पाचोळ्याचा वास येतो, तर तो धूर. फेब्रुवारी संपता संपता आपल्या गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण पट्ट्यात हा दुसरा प्रकार दिसू लागतो, आणि त्या दिवशीची कामे घड्याळ बघून नव्हे, वारा बघून करावी लागतात.

रात्री जमीन निवते आणि वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. डोंगरावर कुठे आग असेल तर तिचा धूर या थंड हवेबरोबर ओहळाच्या वाटेने उतरून वाड्यावर आणि कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, साचतो. वर उबदार हवेचे झाकण असल्याने तो वर जात नाही. सकाळी उशिरा जमीन तापते, समुद्राकडून खारे वारे सुटतात, तेव्हा कुठे हवा मोकळी होते आणि पाराही आटोक्यात राहतो. ज्या दिवशी पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खारे वारे दुपारपर्यंत येतच नाहीत, त्या दिवशी धूरही राहतो आणि उष्माही वाढतो. म्हणजे दोन्ही त्रासांचे मूळ एकच. किनारपट्टीवर पारा 37 अंशांवर गेला आणि तो सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी जास्त असला, की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रकात तापमानाचा आकडा सगळेच बघतात. त्याच्या शेजारी वाऱ्याची दिशा दिलेली असते, तीही बघत चला.

मार्च 2023 आठवत असेल. महिन्याच्या सुरुवातीला म्हादई अभयारण्यात आग लागली, मग एकेक करून इतर डोंगरही पेटत गेले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. त्याच आठवड्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि शाळा दुपारी बारापूर्वी सोडाव्या लागल्या.

आता जरा कटू बोलतो. काजूच्या भाटात बोंडू आणि बी वेचायला जमीन स्वच्छ हवी, म्हणून पाचोळा जाळायची सवय आपल्याकडे जुनी आहे. मीही एका वर्षी जाळला. ठिणगी उडून शेजाऱ्याचे कुंपण गेले आणि चार कलमांची साल करपली. तेव्हापासून दाताळ्याने पाचोळा ओढतो, चरात भरतो आणि वर मातीचा हात फिरवतो. दोन पावसाळ्यांत त्याचे खत होते. अभयारण्यात आग लावणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी कोरड्या पूर्व वाऱ्यात लावलेली आग कुठे थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही.

इथे एक पेच आहे. पुस्तकी सल्ला सांगतो की उन्हाळ्यात आच्छादन करा, आणि सुके आच्छादन म्हणजे आगीला खाद्य. माझा तोडगा असा: रानाकडच्या बाजूला तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, कोयत्याने आणि दाताळ्याने साफ करायची, जाळून नाही. त्या पट्ट्यात गवताची काडी ठेवायची नाही. आतल्या झाडांना आच्छादन घालायचे, पण खोडापासून वीतभर दूर, आणि वर माती. दोन-तीन वर्षांच्या काजूकलमांना हे कराच. त्यांना प्रत्येकी आठवड्याला 15 लीटर पाणी मिळाले तरी ती मे काढतात. पडलेली बी रोज वेचा. उष्म्यात बोंडू झाडाखालीच आंबतो, आणि हुर्राकाची, म्हणजे बोंडूच्या पहिल्या धारेच्या दारूची, चव तिथेच बिघडते.

आंब्यात या दिवसांत फळगळ जास्त. फळे वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी होतील तेव्हा 1 टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करा. पाण्याची सोय असेल तर दर कलमाला 150 ते 200 लीटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्या आणि काढणीच्या महिनाभर आधी बंद करा. हापूस असेल तर जमिनीची धग फळात साका आणते, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो, म्हणून कलमाखाली आच्छादन चुकवू नका. काढणी सकाळी लवकर करा आणि फळे लगेच सावलीत न्या. ‘धुराने मोहोर चांगला येतो’ असे कोणी सांगेल. फिलिपिन्समध्ये आंब्याला मोहोरासाठी धूर देतात हे खरे, पण मार्चमध्ये आपल्या मानकुराद आंब्याला फळ धरलेले असते, त्याला त्या धुराचा काय उपयोग? उलट दाट धुरात मधमाश्या फिरत नाहीत आणि पानांवर काजळी बसते. पाणी असेल तर संध्याकाळी लहान कलमे धुऊन काढा.

कुळागराला मात्र या महिन्यांत सगळ्यात जास्त जपावे लागते. पोफळीला मार्च ते मे दर तीन ते पाच दिवसांनी पाणी हवे, एका झाडाला साधारण 175 लीटर. पाट आटला की लोक दहा दिवसांनी पाणी सोडतात आणि पुढच्या वर्षी शिपुटे (सुपारीचे घड) कमी दिसली की रोगाला दोष देतात. नैर्ऋत्येकडून दुपारनंतरचे ऊन थेट खोडावर येत असेल तर खोड भाजते, तडकते, आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडते. त्या बाजूच्या पोफळींच्या खोडाला विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद पोय) बांधा किंवा चुना लावा. कडेची झाडे याला आधी बळी पडतात, कारण आतल्या झाडांना शेजारच्यांची सावली असते. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे, खोलगट बाजू वर करून, पुरून ठेवा. ती ओल धरतात. ठिबकावर माडाला दिवसाला 30 ते 40 लीटर पुरतात.

भाजीवाल्यांसाठी थोडक्यात. मिरचीवर कोळी आणि फुलकिडे या कोरड्या हवेत भराभर वाढतात, पाने चुरडतात. फवारणी सकाळी आठच्या आत उरका. कोळ्यासाठी गंधक फवारायची सवय असेल तर पारा 32 अंशांपुढे असताना ते टाळा, पाने भाजतात. धुराने हवा जड झालेल्या सकाळी फवारणी करूच नका. फवारा हवेत लोंबकळतो आणि फवारणाऱ्याच्याच छातीत जातो.

गोठ्यात श्वेतकपिला, म्हणजे आपली गोव्याची देशी गाय, असेल तर ती उन्हाळा बऱ्यापैकी सोसते. संकरित गाय धापा टाकते, लाळ गाळते आणि दूध कमी करते. चारा पहाटे आणि रात्री, पाणी दिवसभर, आणि दुपारी अंगावर पाणी मारून वाऱ्यात उभी करा. अंगावर पाणी मारून बंद गोठ्यात कोंडलेत तर उष्मा आणखी वाढतो.

माणसांचे तेवढे राहिले. मजुरांना सहा ते दहा आणि चारनंतर बोलवा. ओला टॉवेल तोंडाला बांधला की राख अडते, बारीक धूर अडत नाही. त्याला एन-95 मास्कच हवा. पेज, ताक, कोकम सरबत आणि मीठ बरोबर ठेवा. कोणी बरळायला लागला, अंग तापलेले पण कोरडे, तर तो ‘जरा बसू दे’ म्हणायचा प्रसंग नाही: सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. आग दिसली तर 101. एकट्याने फांदी घेऊन उतारावर चढू नका. आग चढणीला माणसापेक्षा जोरात पळते. जळलेल्या रानातून गवे आणि माकडे खाली बागेत येतात, त्यामुळे तिन्हीसांजेला पाटाच्या वाटेने जाताना विजेरी आणि सोबत हवी.

आणि डोंगर जळला असेल तर एप्रिल संपायच्या आत पाटाचे तोंड आणि झरीची वाट साफ करा. पहिला वळीव पडला की उतारावरची राख आणि मोकळी झालेली माती सगळी तिथेच येते. ते पहिले पाणी तळ्यात घेऊ नका, ओहळात सोडून द्या. दुसऱ्या सरीपासून तोंड उघडा.