'गाणं कधी सुरू होणार?' असं विचारणाऱ्यांसाठी: ग्रेटफुल डेड ऐकायचं कसं

गेल्या महिन्यात भाच्याला ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं एक रेकॉर्डिंग लावून दिलं. सातव्या मिनिटाला त्यानं हेडफोन काढला आणि अगदी आदबीनं विचारलं, "मामा, गाणं कधी सुरू होणार?"

गाणं सुरू होऊन, दोन कडवी गाऊन, मागं पडूनसुद्धा चार मिनिटं झाली होती. पण चूक त्याची नव्हती. मीच त्याला भलत्या दारातून आत ढकललं होतं. म्हणून हे लिहितोय.

माझंही तसंच झालं होतं. मी सुरुवात केली त्यांच्या १९६७ च्या पहिल्या अल्बमपासून, कारण पहिल्यापासून सुरुवात करावी एवढीच अक्कल होती. सगळी गाणी कुणाची तरी गाडी चुकणार असल्यासारखी वाजवलेली. ऐकून ठेवून दिलं ते कितीतरी वर्षं. या लोकांमागे माणसं नोकऱ्या सोडून गावोगाव का फिरली, हे त्या अल्बमवरून कळणं शक्यच नव्हतं. हा बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं चालला, दोन हजार तीनशेच्या आसपास कार्यक्रम केले, आणि अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचलेलं गाणं एकच: १९८७ चं 'टच ऑफ ग्रे'. चाहते ज्यावर जीव टाकतात ते स्टुडिओत नव्हतंच, ते त्या दोन हजारांवर रात्रींमध्ये होतं. एक रात्र दुसरीसारखी नाही, हेच यांचं सगळं भांडवल. ऐकायची पद्धतही मग त्यावरूनच ठरवावी लागते.

आधी बंदिश पाठ करा

चाल माहीत नसेल तर विस्तार कशाचा चाललाय हे कळणार कसं? म्हणून एक अपवाद करायचा आणि १९७० चा 'अमेरिकन ब्यूटी' हा स्टुडिओ अल्बम आधी ऐकायचा. आठवडाभर, दुसरं काहीही काम करताना. छोटी गाणी आहेत, तीन गळे मिळून गातात, 'रिपल'मध्ये डेव्हिड ग्रिस्मनचं मँडोलिन आहे. पहिलंच गाणं 'बॉक्स ऑफ रेन'. बास वाजवणाऱ्या फिल लेशचे वडील आजारी होते, शेवटचे दिवस होते. त्यांच्यासाठी गायला त्यानं चाल बांधली आणि शब्द रॉबर्ट हंटरकडून घेतले. हंटर बँडबरोबर मंचावर वाजवायचा नाही, पण मुख्य गिटारवादक आणि गायक जेरी गार्सियाच्या बहुतेक चालींना शब्द त्याचेच. इतक्या लांबलचक वाजवणाऱ्या लोकांकडे इतकी नीटस, गुणगुणता येतील अशी गाणी आहेत हे ज्याला माहीत नसतं, तोच पुढे "नुसतं गिटार घासत बसतात" म्हणतो.

'बेस्ट ऑफ' छापाचे संग्रह घेऊ नका. लोणच्याचा नुसता मसाला चाखून कैरीबद्दल मत बनवण्यातला प्रकार आहे तो.

मग ८ मे १९७७

डेडहेड्स, म्हणजे यांचे चाहते, गाण्यांची नावं कमी घेतात आणि तारखा जास्त. त्यांतली सगळ्यांना ठाऊक असलेली तारीख ही: न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथल्या कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. बाहेर मे महिन्यात बर्फ पडला होता. जुने लोक ही रात्र सुचवायला लाजतात, 'सगळेच सांगतात' म्हणून. मी लाजत नाही. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, २०१७ मध्ये अधिकृतपणे आलंय, आणि त्याआधीच लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलंय.

पूर्ण कार्यक्रम लावू नका. उत्तरार्धापासून लावा. यांच्या मैफलीची एक ठरलेली ठेवण असे: पूर्वार्धात सुटी, आटोपशीर गाणी, उत्तरार्धात एकातून दुसरं न थांबता निघत जाणारी. कॉर्नेलचा उत्तरार्ध सुरू होतो तोच गर्दीला मागं सरकायला सांगण्यापासून, कारण पुढची माणसं चेंगरत होती. ते ऐकून झालं की 'स्कार्लेट बिगोनियाज' येतं, आणि त्यातूनच 'फायर ऑन द माउंटन'. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांच्या वर.

तुम्ही करायचं एवढंच: पहिलं गाणं संपून दुसरं नक्की कुठं सुरू झालं ते शोधा. 'फायर'मध्ये दोनच कॉर्ड, म्हणजे स्वरगुच्छ, आहेत, आलटून पालटून, एकदा कानात बसल्या की सुटत नाहीत. तिथून मागं या. आणखी मागं या. मी आजवर किमान वीसदा प्रयत्न केलाय आणि दर वेळी माझी खूण दुसऱ्याच सेकंदावर पडते. बास आधीच पलीकडे जाऊन बसलेला असतो, गार्सिया अजून अलीकडे रेंगाळतोय, आणि दोघं ड्रमवाले दोन्ही थड्यांवर पाय ठेवून उभे. गंमत अशी की गाण्यांची ही जोडी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगितल्यावर आपल्याकडचे ऐकणारे जरा सरसावून बसतात. दोघा ड्रमवाल्यांपैकी मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. पुढे झाकीर हुसेन यांच्यासोबत त्यानं 'दिगा ऱ्हिदम बँड' काढला. त्यांच्या १९७६ च्या अल्बमवर 'हॅपिनेस इज ड्रमिंग' अशी एक रचना आहे, गिटारवर स्वतः गार्सिया. ती ऐका. शब्द यायच्या आधीचं 'फायर ऑन द माउंटन' तेच.

एकच गाणं, तीन वर्षं

खरी मेहनत इथं आहे, आणि खरा आनंदही. मी लहानपणी पाच वर्षं तबला शिकलो, पुढं सोडला. हात गेला, पण मोजायची खोड राहिली, तिचा इथं उपयोग झाला.

'प्लेइंग इन द बँड' घ्या. त्याची मूळ सुरावट दहा मात्रांची आहे. झपतालाचे खंड लावायला जाऊ नका, बसणार नाहीत. नुसतं एक ते दहा मोजा आणि पुन्हा एकवर या. ही दहाची कल्पनासुद्धा हार्टचीच. पण खाली दिलेल्या तिन्ही वेळी तो बँडमध्ये नव्हता. १९७१ च्या फेब्रुवारीत गेला तो पुढं चार वर्षांनी परतला. तेवढा काळ बिल क्रॉइट्झमन एकट्यानं वाजवायचा, म्हणून या वर्षांतलं वादन हलकं आणि चपळ वाटतं. एकटा माणूस गल्लीतून पटकन वळतो, दुकलीला जरा वेळ लागतो. कॉर्नेलशी ताडून बघा.

पहिलं, १९७१ च्या लाइव्ह अल्बममधलं. पाच मिनिटांच्या आत आटोपतं. गाणं, जरासं वादन, गाणं. (याच अल्बमच्या कव्हरच्या आत बँडनं चाहत्यांना हाक घातली होती: कोण आहात, कुठं आहात, नाव-पत्ता कळवा. पत्त्यांची यादी तिथून वाढत गेली.)

दुसरं, २७ ऑगस्ट १९७२, ओरेगनमधलं व्हेनेटा. एका डेअरीच्या मदतीसाठी उघड्या माळावर केलेला कार्यक्रम, ऊन असं की वाद्यं सुरात राहीनात. आता हेच गाणं वीस मिनिटांच्या आसपास गेलंय आणि कीथ गॉडशॉचा पियानो आत शिरलाय.

तिसरं, २१ मे १९७४, सिअ‍ॅटल. शेहेचाळीस मिनिटं.

तिन्ही एका बैठकीत ऐकू नका, तीन दिवस घ्या. आणि तिसऱ्याला हा प्रयोग करा. तबल्याच्या एकलवादनात लेहरा, म्हणजे तीच ती सुरावट फिरून फिरून, धरणारा एकजण असतो; तो हलत नाही म्हणून तबलजीला हवं तिकडे जाता येतं. डेडमध्ये लेहरा धरणारा शोधा. बासवर संशय येईल, कारण रॉकमध्ये ते काम बासचं. पण लेश मुळात ट्रम्पेट वाजवणारा आणि रचनाशास्त्र शिकलेला. बास त्यानं हातात घेतला तोच या बँडसाठी, पंचविशीत. बासनं खाली बसून राहायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो गार्सियाशी भांडल्यासारखा समोरून वाजवतो. मग ऱ्हिदम गिटार बघा. बॉब वीअर तालाचे ठोके देतच नाही. जॅझ पियानोवादक मॅकॉय टायनरच्या डाव्या हातावरून आपण शिकलो, असं तो सांगायचा. मधल्या मोकळ्या जागेत एखादा स्वरगुच्छ टाकून तो बाजूला होतो. म्हणजे लेहरा कुणाकडेच नाही. सगळेच सुटलेत. गार्सियाच्या सुट्या, टणक स्वरांमागे त्याचा जुना बँजो आहे. त्याला धरून चालावं तर तोही मधेच थांबून इतरांचं ऐकत बसतो.

आणि तरीही, अर्ध्या तासाच्या पुढं कधीतरी, त्या दहा मात्रांची कुजबुज परत ऐकू यायला लागते. कुणीतरी दोन स्वर टाकतं. दुसरा दाद देत नाही. पुन्हा टाकतं. मग सगळे मिळून समेवर येतात, तेव्हा मी घरात एकटा असूनही "अरे!" म्हणतो. हे ज्याला एकदा झालं, त्याला डेडहेड्सबद्दल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

न झालं तर? आठवडाभर थांबून दुसरी तारीख लावा. काही जणांना होतच नाही. माझ्या बायकोला झालं नाही, ती 'अमेरिकन ब्यूटी'वर खूश आहे.

जमता जमता एक वही करा. तारीख, गाणं, किती मिनिटं, आणि एक ओळ. तेवढंच. माझ्या वहीत एका ठिकाणी 'लेश रागावलाय?' एवढंच लिहिलंय आणि ती रात्र मला अजून आठवते.

फसलेल्या रात्री वगळू नका

हे माझं मत, आणि त्यावर मी ठाम आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये हे लोक इजिप्तला गेले आणि गिझाच्या पिरॅमिडपाशी तीन रात्री वाजवलं. तिसऱ्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. याहून मोठा देखावा कुठला? आणि वादन सुमार. क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं. पिरॅमिडच्या आतल्या दालनातून आवाज घुमवून आणायचा बेत फसला. बँडला स्वतःलाच ते इतकं आवडलं नाही की अधिकृत ध्वनिमुद्रण तीस वर्षांनी, २००८ मध्ये आलं. त्यातलं थोडं ऐका. गार्सिया शब्द विसरणारा माणूस, वीअरही कमी नाही. तुम्हाला अशा जागा खूप सापडतील. पण दर रात्री यादी बदलायची, न ठरवता वाजवायचं, तर पडायची तयारी ठेवावीच लागते. चाहत्यांना ते माहीत होतं, म्हणून ते उद्याचंही तिकीट काढत.

गार्सियाचा आवाजही वर्षागणिक बदलतो. १९८६ मध्ये तो मधुमेहानं कोमात गेला, शुद्धीवर आल्यावर गिटार जवळजवळ नव्यानं शिकला. नंतरचा आवाज खरखरीत, दमलेला. तरुणपणीचा ऐकून मग हा ऐकला की आधी वाईट वाटतं. संथ गाणी मात्र मला याच आवाजात जास्त पटतात.

गर्दीतला माइक

शेवटचं काम टेपांचं. यांच्या रात्री आज ऐकायला मिळतात त्याचं बरंचसं श्रेय माइक घेऊन येणाऱ्या श्रोत्यांना आहे. बँडनं त्यांना अडवलं नाही. अट एकच: पैसे घ्यायचे नाहीत, अदलाबदल करा. पुढं माइकचं जंगल इतकं माजलं की मागच्यांना दिसेना, तेव्हा १९८४ पासून टेपवाल्यांसाठी साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज मिसळायच्या यंत्राच्या, मागं वेगळी जागाच काढून दिली. इंटरनेट आर्काइव्हवर यातलं अफाट भांडार फुकट ऐकता येतं. तिथं एकाच रात्रीच्या चार-पाच नोंदी दिसतील. 'साउंडबोर्ड' म्हणजे यंत्रातून थेट घेतलेलं, स्वच्छ पण कोरडं. 'ऑडियन्स' म्हणजे गर्दीतलं. 'मॅट्रिक्स' म्हणजे दोन्ही मिसळून. नवख्यानं साउंडबोर्डपासून सुरुवात करावी, पण तिथंच राहू नये.

कारण एक रात्र गर्दीतूनच ऐकायची आहे. ९ ऑक्टोबर १९८९, व्हर्जिनियातलं हॅम्प्टन. बँडनं स्वतःचं नाव लपवून, 'पूर्वीचे वॉरलॉक्स' अशा आपल्या जुन्या नावानं कार्यक्रम लावला होता. 'डार्क स्टार' हे गाणं १९६८ मध्ये तीन मिनिटांच्याही आतली तबकडी म्हणून आलं, पुढच्याच वर्षीच्या 'लाइव्ह/डेड'वर तेवीस मिनिटांचं झालं, आणि मग हळूहळू नाहीसंच झालं. १९८४ नंतर ते कुणी ऐकलं नव्हतं. त्या रात्री उत्तरार्धात त्याचे पहिले चार-पाच स्वर पडतात आणि माइकभोवतीची माणसं काय करतात ते ऐका. मात्र हेडफोनचा आवाज आधीच निम्म्यावर आणून ठेवा. भाच्याला हे सांगायचं मी विसरलो होतो.