स्टिकर दुसऱ्याच दिवशी निघाला? कलाबाजारातल्या या चुका टाळा

मुंबईतल्या काळा घोडा कला महोत्सवातून परतताना लोकलमध्ये पिशवी उघडून एकेक वस्तू परत बघायची, ही माझी जुनी खोड. एका वर्षी तिथून मांजराचा एक गोड स्टिकर आणला आणि ऑफिसच्या स्टीलच्या बाटलीवर हौसेनं चिकटवला. दुसऱ्या दिवशी बाटली घासली, तर मांजराचे दोन्ही कान घासणीला लागून आले. कलाकाराचा काही दोष नव्हता. स्टिकर कागदी होता, वहीसाठी केलेला. मीच विचारलं नव्हतं.

पहिली चूक हीच. चित्र आवडतं आणि आपण लगेच क्यूआर कोड स्कॅन करतो. त्याआधी एकच विचारा: "हा कागदी आहे की विनाइल, म्हणजे प्लास्टिकचा, आणि वर लॅमिनेशन आहे का?" बाटली, हेल्मेट, स्कूटर यांच्यासाठी लॅमिनेशन केलेलं विनाइलच हवं. वही-डायरीला कागदी छान, शिवाय स्वस्त. होलोग्राफिक चमक दिसली म्हणून तो पाण्याला टिकेल असं धरून चालू नका.

विनाइल असूनही कडा उचलल्या जातात? बहुतेक वेळा कारण बाटलीवरचा हाताचा तेलकटपणा असतो. स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग मधून कडेकडे दाबत चिकटवा आणि निदान एक दिवस पाणी लावू नका. गोलाकार बाटलीवर तळहाताएवढा स्टिकर लावला तर सुरकुती येणारच, तिथं लहान घ्या. सिलिकॉनच्या मोबाइल कव्हरवर मात्र काहीच नीट धरत नाही, प्रयत्न सोडून द्या.

काढायचा असेल तर नखानं खरवडू नका. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, कोपरा सुटला की हळूहळू ओढा. मागे राहिलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं थांबा. नेलपॉलिश रिमूव्हर लॅपटॉपवर नकोच, प्लास्टिकचा रंग जातो.

आता हातच्या वस्तू. 1999 साली सुरू झालेल्या या महोत्सवात रॅम्पार्ट रोवर स्टॉलची रांगच असते. पण स्टॉल असला म्हणजे माल हातचाच, असं नाही, कुठल्याच बाजारात नाही. वारलीचंच बघा. या कलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून वारलीची नक्षी छापलेला प्रत्येक मग वारली चित्र होत नाही. चित्र उजेडात तिरकं धरा. हातानं काढलेल्या रेषेचा रंग जरासा उठावदार दिसतो, कुठे जाड, कुठे बारीक होतो, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्या दोन बायका कधीच हुबेहूब सारख्या नसतात. मोबाइलनं झूम केल्यावर बारीक ठिपके दिसले तर तो छापा. छापा घ्यायलाही हरकत नाही, छाप्याच्या भावात घ्या.

सिरॅमिकचा कप घेताना तो जेवणाखाण्यासाठी आहे की शोभेचा, हे विचाराच. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. गडद निळ्या किंवा लाल छापाचं कापड पहिले दोन-तीन वेळा वेगळं धुवा. जर्मन सिल्व्हरच्या झुमक्यांत चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलनं कान लगेच खाजत असतील तर हे तुमच्यासाठी नाही.

घासाघीस? तीन-चार वस्तू घेत असाल तर "काही कमी होईल का?" विचारायला लाज नको. पण क्रोशाची पिशवी हातात धरून "एवढी किंमत? फॅशन स्ट्रीटवर निम्म्यात मिळते" असं म्हणू नये. ती विणायला किती दिवस लागले हे विचारलंत तर किंमतीचं उत्तर बहुतेक त्यातच मिळतं.

महोत्सवाच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी जाणं हा तर स्वतःवरचाच सूड. निवडून उरलेला माल, खांद्याला खांदा, आणि गर्दीत नेटवर्क गेलं की यूपीआय गोल-गोल फिरत राहतं. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा, खिशात थोडे सुटे ठेवा, आणि कप घेणार असाल तर घरून एक जुना टॉवेल न्या. चर्चगेटच्या संध्याकाळच्या गर्दीत वर्तमानपत्राचा एक कागद पुरत नाही.