नीट हुकली तरी मेडिकल रिसर्चमध्ये जाता येतं, कसं ते सांगतो

आपल्या जळगाव-धुळ्याकडं नीटला मार्क कमी पडले की घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं आणि पोरगं नाइलाजानं बीएस्सीला जातं. पण भो, लसी, औषधं, टेस्ट किट यांच्यावर काम करणारे कितीतरी जण एमबीबीएस नसतातच. पेशंटवर उपचार करता येत नाहीत, पण आजार मुळापासून समजून घ्यायचं काम पूर्ण करता येतं.

उदाहरण आपल्याच दारातलं घ्या, नंदुरबारकडचा सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्याची साधी टेस्ट अशी: नळीत सोडियम डायथायोनाइटचं द्रावण, त्यात बोटातून काढलेलं थोडंसं रक्त, पाचेक मिनिटांत द्रावण गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे त्यात कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं करून बघायची लॅबमधली टेस्ट लागते. हाच फरक धडगाव-अक्कलकुव्यात गावातच, स्वस्तात कळावा म्हणून डोकं लावणारी माणसं म्हणजे हे शास्त्रज्ञ.

रस्ता असा. बीएस्सी (मायक्रो, बायोकेम, बायोटेक, झूलॉजी, केमिस्ट्री पण चालते) किंवा बीफार्म, मग एमएस्सी नाहीतर एमफार्म. जळगावला बहिणाबाई विद्यापीठ आहे, शिरपूरला फार्मसी आहे, बाहेर जायचं तर शेवटच्या वर्षाला जॅम, गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा द्या. पीएचडीला मास्टर्समध्ये 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 50, तेव्हा पहिल्या सेमिस्टरपासून टक्के सांभाळा.

मग सीएसआयआर नेट, लाईफ सायन्सेस, म्हणजे पीएचडीसाठी जेआरएफ ही फेलोशिप मिळवायची देशपातळीवरची परीक्षा. पार्ट सीमध्ये 75 पैकी 25च प्रश्न सोडवायचे पण एकेकाला 4 मार्क, आणि चुकलं की मार्क कापतात, म्हणून सगळा सिलॅबस वरवर वाचण्यापेक्षा सातआठ युनिट घट्ट करा. जेआरएफ लागली की पहिली 2 वर्षं महिन्याला 37,000, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. नाही लागली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप बघा, जात वैधतेचे कागद आधीच काढून ठेवा.

हाताला सवय मात्र कॉलेजातच लावा. सुट्टीत पुण्या-मुंबईच्या लॅबला मेल टाका, तिथल्या सरांचा एक रिसर्च पेपर खरंच वाचून त्यातलं काय समजलं ते दोन ओळीत लिहा, सगळ्यांना एकच मेल पाठवला की लगेच कळतं.

पुढं विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही पुणे, रक्ताच्या आजारांवरची मुंबईची एनआयआयएच, कॅन्सरवरचं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, फार्मा कंपन्या, क्लिनिकल रिसर्च, असं बरंच आहे. पण कायमच्या जागा थोड्या, प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या कंत्राटी असतात, आणि पीएचडी आणि त्यानंतरचं पोस्टडॉक (काही वर्षांचं संशोधनाचं काम) धरून तिशी सहज उलटते, हे घरी आधीच सांगा. पीएचडीला विषयाआधी गाईड बघा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा, किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं, पैसे वेळेवर आले का. उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर दुसरी लॅब शोधा.