टाळणं, चुकवणं आणि वळसा घालणं: इंग्रजीत कुठे काय?

पावसाळ्यात मुंबईत हिंदमाता चौकात पाणी भरलं की ऑफिसच्या ग्रुपवर हमखास मेसेज येतो: 'आय इव्हेडेड हिंदमाता.' म्हणायचं असतं, तिथून जायचं टाळलं. पण 'इव्हेड' म्हणजे चुकवणं: पोलिसांना, प्रश्नाला, कराला. त्यात लपवाछपवीचा वास आहे. म्हणूनच 'टॅक्स अव्हॉइडन्स' म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करणं, तर 'टॅक्स इव्हेजन' हा गुन्हा. एवढा एक फरक पक्का केलात तरी मोठं काम झालं.

हिंदमातासाठी साधं 'अव्हॉइड' वापरा. त्याच्यापुढे 'टू' मात्र नको. 'आय अव्हॉइडेड टू गो' हे चूक, 'आय अव्हॉइडेड गोइंग' हे बरोबर. मराठीत आपण 'जायचं टाळलं' म्हणतो, त्यामुळे 'टू गो' आपसूक तोंडात येतं. मुद्दाम दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघा, जीभ वळते.

पूर्व मुक्त मार्गाने चेंबूर गाठलंत, तर दादर-सायनची गर्दी तुम्ही 'बायपास' केलीत. साहेबांना डावलून थेट वरच्यांना मेल केला, तरी 'बायपास'च.

'सर्कमव्हेंट'चं मूळ लॅटिन: सर्कम म्हणजे भोवती, व्हेनीरे म्हणजे येणं. आज तो शोभतो नियम, बंदी, अडथळे यांना. नियमातून पळवाट काढली की 'सर्कमव्हेंट'. खड्ड्यासाठी हा शब्द फारच जड. तिथे 'गो अराउंड' म्हणा. अंगावर येणारा चेंडू झटकन चुकवलात, तर 'डॉज'. आणि प्रश्नाला बगल देणाऱ्यासाठी 'साइडस्टेप' अगदी चपखल बसतो.