फोम कोअर स्केटबोर्ड: ट्रकचे बोल्ट सारखे ढिले पडत असतील तर

फोम कोअर बोर्ड म्हणजे आत फोम, बाहेर फायबरग्लास. फायबरग्लासचा थर शाबूत, तरी ट्रकखाली (ट्रक म्हणजे चाकं धरणारा धातूचा भाग) बोर्ड दबतो, बोल्ट आवळले की आणखी खोल जातात. मोठे वॉशर, नायलॉन नट, वरून जादा फायबरग्लास: सगळं फुकट. वैताग आला होता. दबतो तो आतला फोम.

ट्रक काढा. बोल्टच्या भोकांवर वरूनच १२ मिमी रुंद ड्रिल करा; खालचा फायबरग्लास फोडू नका. वाकवलेल्या खिळ्याने कडेचा फोम खरवडा. खालून टेप लावा. एपॉक्सीत (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) फायबरग्लासचे बारीक तुकडे कालवून दोन टप्प्यांत भरा. एकदम भरलं तर तापून फोम वितळतो. (पॉलिस्टर रेझिन नकोच, त्यातलं स्टायरीन पॉलिस्टायरीन फोम खातं.) २४ तासांनी घासून सपाट करा, मग बोल्टसाठी ५ मिमीने भोक पाडा.