सहकुटुंब इस्रायलला जाताय? इंग्रजी बोलणारी धार्मिक वस्ती अशी निवडा

आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, ठाण्याच्या शाआर हशामाईम सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) आलियाचा, म्हणजे इस्रायलला कायमचं जाण्याचा, विषय निघाला की पूर्वी गावं ठरलेली असत: दिमोना, लोद, अश्दोद, बेअरशेवा. जिथे मामा-मावशी आधी गेली तिथेच आपण. पण इंग्रजी माध्यमात शिकलेलं, नोकरीही इंग्रजीतच करणारं, शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस) पाळणारं जोडपं आता विचारतं, "रानाना बरं की बेत शेमेश?"

माझं मत आधीच सांगते. इंग्रजी ही आईवडिलांच्या पहिल्या दोन-तीन वर्षांची आधाराची काठी आहे. मुलांची शाळा मात्र हिब्रूच हवी. शेजार इंग्रजी आणि वर्ग हिब्रू, अशी जागा शोधायची.

१. मुलांची वयं कागदावर लिहा

सहा-सात वर्षांचं मूल बहुधा वर्षभरात हिब्रूत भांडायला लागतं. बारा-तेराच्या मुलापुढे मात्र तानाख (हिब्रू बायबल), इतिहास, विज्ञान सगळं एकदम परक्या भाषेत येतं आणि काही वर्षांत बग्रुतची, म्हणजे शाळा संपतानाची, परीक्षा असते. अशा मुलासाठी वर्गात इंग्रजी बोलणारी दोन-चार मुलं आणि नवागतांसाठी हिब्रूचे वेगळे तास, या गोष्टी घराच्या चौरस फुटांपेक्षा मोठ्या. शाळेला मोघम विचारू नका. आठवड्याला किती तास, कोण शिकवतं, गेल्या वर्षी किती नवी मुलं आली, असं विचारा.

शाळा १ सप्टेंबरला सुरू होते, तेव्हा जुलैत पोहोचलेलं बरं. रविवारी शाळा असते. प्राथमिक शाळा दुपारीच सुटते, म्हणून दोघंही नोकरी करणार असाल तर शाळेनंतर मुलांना सांभाळणारी सोय, म्हणजे त्झाहारोन, जवळ आहे का ते बघा.

२. आपण कितपत धार्मिक, हे दोघांनी मिळून ठरवा

"आम्ही धार्मिक" एवढ्याने तिथे काही कळत नाही. विणलेली किप्पा (छोटी टोपी) घालणारे दाती-लेउमी, म्हणजे राष्ट्रवादी धार्मिक, आणि काळ्या कपड्यांतले हरेदी, म्हणजे कडवे सनातनी, यांची शाळा, वाचन, पोशाख, सारंच वेगळं. दाती-लेउमी मुलं मामलाख्ती-दाती म्हणजे सरकारी धार्मिक शाळेत जातात, अठराव्या वर्षी सैन्यात किंवा राष्ट्रीय सेवेत जातात. हरेदी मुलग्यांच्या बऱ्याच शाळांत गणित-इंग्रजीला फार कमी वेळ मिळतो.

बेत शेमेशमध्ये हा फरक एका रस्त्याच्या अंतरावर दिसतो. शाइनफेल्ड भागात दाती-लेउमी इंग्रजी भाषक, रामात बेत शेमेश अलेफमध्ये दोन्हींची सरमिसळ, आणि रामात बेत शेमेश बेतमध्ये कडक हरेदी. २०११ मध्ये तिथे मुलींच्या एका धार्मिक शाळेवरून, शाळेत जाणाऱ्या लहान मुलींच्या कपड्यांवरून केवढा वाद पेटला! म्हणून शहराचं नाव पुरत नाही, गल्ली विचारा.

३. मग नकाशा उघडा

रानाना तेल अवीवच्या उत्तरेला, सपाट, नोकऱ्यांना जवळ, पण महाग. दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटनहून आलेली बरीच कुटुंबं तिथे भेटतात. मोदीइन १९९० च्या दशकात वसवलेलं, जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मधोमध. नवरा एका शहरात आणि बायको दुसऱ्या शहरात कामाला असेल तर उत्तम. बुखमन भागात इंग्रजी भरपूर. जेरुसलेममध्ये बाका आणि कातामोन दाती-लेउमी मंडळींचे, हार नोफ हरेदींचं.

एफ्रात १९८३ मध्ये वसलं, अमेरिकेहून आलेले रब्बी (धर्मगुरू) श्लोमो रिस्किन त्याच्या संस्थापकांपैकी. जेरुसलेमच्या दक्षिणेला आहे, पण वेस्ट बँकेत. बहुतेक देश तिथल्या इस्रायली वसाहतींना बेकायदा मानतात आणि सुरक्षेचे प्रश्नही वेगळे असतात. तिथे राहायचं की नाही हे भारतातच, घरात बसून ठरवा.

४. एक शब्बाथ तिथे राहून बघा

ही पायरी चुकवू नका. शक्य असेल तर दोघांपैकी एकाने तरी आधी जाऊन यावं. आम्ही घर नकाशावर पाहून घेतलं होतं. सिनेगॉग बारा मिनिटांवर दिसत होतं, पण ती बारा मिनिटं उताराची होती. परतताना बाबागाडी ढकलत, पाच वर्षांची लेक हाताला धरून, भर उन्हात तो चढ चढायचा! शब्बाथला गाडी नाही, बहुतेक शहरांत बसही नाही, म्हणजे तुमचं जग तुमच्या पावलांएवढं होतं. एफ्रात आणि रामात बेत शेमेश डोंगरउतारावर आहेत, हे आधी लक्षात घ्या. एरुवची, म्हणजे शब्बाथला वस्तू नेता येण्याची हद्द दाखवणारी, तार कुठपर्यंत आहे तेही विचारा; तिच्या बाहेर बाबागाडी नेता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर दारात पाच मिनिटं थांबा. अनोळखी माणसाला कुणी "जेवायला कुठे आहात?" असं विचारतं का? त्या एका प्रश्नात त्या वस्तीची ओळख होते. मुलं अंगणात कुठल्या भाषेत खेळतात तेही ऐका.

५. आपली रीत कुठे बसते?

इंग्रजी वस्त्यांतली बहुतेक सिनेगॉग अश्कनाझी (युरोपी ज्यूंच्या) वळणाची. प्रार्थनेची पद्धत वेगळी, चाली वेगळ्या. पेसाखला (वल्हांडणाच्या सणाला) अश्कनाझी घरांत तांदूळ-डाळ चालत नाही. आपल्या घरी भात शिजत असेल तर शेजाऱ्यांना ते मोकळेपणाने सांगा. जवळपास आपल्याला जवळच्या सफार्दी पद्धतीने प्रार्थना करणारा गट (मिन्यान) असेल तर आजोबांना आणि मुलग्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल. एलियाहू हानाबीचा (संदेष्टा एलियाच्या नावाचा) मालिदा मात्र कुठेही करता येतो. पोहे, गूळ आणि नारळ सगळीकडे मिळतात.

६. पहिलं वर्ष भाड्याने

घर लगेच विकत घेऊ नका. घरमालक बहुधा जामीनदार आणि पुढच्या तारखांचे धनादेश मागतो, त्याची तयारी ठेवा. घरात ममाद, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली, आहे ना ते बघा. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या इमारतींत ती सहसा असते. आईवडिलांनी पाच महिन्यांचा उलपान (हिब्रूचा वर्ग) पूर्ण करावा. शेजारी इंग्रजी बोलतात म्हणून तो टाळला तर बँकेत आणि शिक्षकांपुढे दरवेळी मुलांना दुभाषी करावं लागतं.

७. कागद हातातल्या पिशवीत

१९६० च्या दशकात रब्बीनेटने (इस्रायलच्या अधिकृत धर्मगुरूंच्या संस्थेने) बेने इस्रायलांच्या लग्नांवर वंशाची चौकशी लादली, आपल्या माणसांनी आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये सरकारने आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. तरीही लग्ननोंदणीच्या वेळी पुरावे लागतातच. आपला आणि आईवडिलांचा केतुबा (लग्नाचा करार), सिनेगॉगचं पत्र, जन्मदाखले, सगळ्याच्या प्रती काढा आणि मूळ कागद सामानात न टाकता विमानात आपल्या जवळच ठेवा.