गवती चहाच्या तेलाचा जीसी-एमएस अहवाल कसा वाचावा

जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) म्हणजे तेलाची वाफ एका लांब नळीतून, म्हणजे स्तंभातून, नेऊन त्यातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी. तिचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर थेट सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. मी आधी तळाची ओळ बघते: ओळख पटलेल्या घटकांची बेरीज किती? ती ९५ टक्क्यांच्या बरीच खाली असेल, तर उरलेलं काय आहे हे प्रयोगशाळेला विचारल्याशिवाय पुढे सरकू नका.

मग सिट्रल, म्हणजे गवती चहाला लिंबासारखा वास देणारा मुख्य घटक. या नावाची ओळ यादीत बहुधा नसते, कारण सिट्रल म्हणजे नेरल आणि जिरेनिअल ही जोडी. दोघांची बेरीज आपणच करायची. चांगल्या तेलात ती साधारण ६५ ते ८५ टक्के भरते आणि जिरेनिअल नेरलपेक्षा जास्त असतं.

उलटं दिसलं, तर नावं अदलाबदल झाली असण्याची शक्यता धरा. टर्पीन संयुगांचे (सुगंधी तेलांतल्या या गटातल्या घटकांचे) मास स्पेक्ट्रम, म्हणजे रेणू फोडून मिळालेल्या तुकड्यांचे ठसे, एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात, की संगणकाने '९५ टक्के जुळणी' सांगितली तरी माझं समाधान होत नाही. रिटेन्शन इंडेक्सचा, म्हणजे घटक स्तंभातून किती वेळाने बाहेर पडतो हे सांगणाऱ्या प्रमाणित आकड्याचा, रकाना हवाच. त्याच तापमानक्रमात सरळ साखळीच्या अल्केनांचं (फक्त कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांचं) मिश्रण चालवून तो काढतात. दहा कार्बनचा डेकेन १०००, अकराचा ११००. अध्रुवीय स्तंभावर नेरल १२४० च्या आसपास, जिरेनिअल १२७० च्या. हा रकानाच नसलेला अहवाल मी अर्धवट समजते.

आता छोटे आकडे. खरी गंमत इथेच आहे. मर्सीन भरपूर असेल तर सिम्बोपोगॉन सिट्रॅटस, अगदी कमी असेल तर फ्लेक्सुओसस, असा गवती चहाच्या जातीचा पहिला अंदाज बांधता येतो. हवा लागून मर्सीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन बहुवारिक (पॉलिमर) होतं, आणि जुनं तेल अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. लिमोनीन दोन आकडी दिसलं, तर लित्सिया क्युबेबा या झाडाच्या फळांचं तेल मिसळल्याची शंका घ्या. त्यातही सिट्रल भरपूर असतं. सिट्रोनेलल ठळक दिसलं, तर सिट्रोनेला गवताची.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. हे टक्के स्तंभातून बाहेर पडलेल्या द्रव्याचे असतात, बाटलीतल्या सगळ्या तेलाचे नव्हेत. त्यात खाद्यतेल मिसळलं असेल, तर ते उडतच नाही आणि आलेखातल्या शिखरांच्या बेरजेतही येत नाही. त्यासाठी टिपकागदावर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशीही तेलकट, पारदर्शक डाग तसाच असेल, तर ती बाटली परत पाठवा.